उत्तर बदलले, तर आवृत्तीने तसे सांगितलेच पाहिजे

मेंदूचा एमआरआय तोच, संगणक तोच, मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरचे नावही तेच. बदलली ती फक्त सॉफ्टवेअरची आवृत्ती. आणि तेवढ्यानेच मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे आकारमान सरासरी ८.८ टक्क्यांनी वेगळे निघाले. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात ही तुलना प्रसिद्ध केली. सॉफ्टवेअर होते फ्रीसर्फर. मेंदूच्या प्रतिमांवरून त्याच्या भागांचे आकारमान आणि बाह्यस्तराची जाडी मोजण्यासाठी ते जगभर वापरले जाते. त्याची ५.०.० ही आवृत्ती आणि तिच्याआधीच्या दोन आवृत्त्या यांच्या मापांत कुठे १.३ टक्क्यांचा, तर कुठे थेट ६४ टक्क्यांचा फरक आढळला. बाह्यस्तराच्या जाडीतला फरक सरासरी २.८ टक्के होता. संगणकाचा प्रकार किंवा त्याची कार्यप्रणाली बदलली तरी माप हलत होते. तो फरक साधारण निम्मा होता. या संशोधकांनी नोंदवलेली सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवरील अभ्यासांत जेवढे फरक आजाराचा परिणाम म्हणून मांडले जातात, साधारण त्याच मापाचे हे फरक होते. रुग्णाची पहिली तपासणी एका आवृत्तीने मोजली आणि दोन वर्षांनंतरची दुसऱ्या आवृत्तीने, तर मेंदू आकसला की सॉफ्टवेअर बदलले, हे ठरवायला काही आधारच उरत नाही.

वैज्ञानिक सॉफ्टवेअरला क्रमांक कसा द्यावा आणि नवी आवृत्ती कशी प्रसृत करावी, हा प्रश्न वरवर पाहता प्रोग्रामरांच्या आपसांतला वाटतो. तसा तो राहिलेला नाही. औषधाच्या चाचणीचे सांख्यिकी विश्लेषण, पावसाचा अंदाज, साथीच्या फैलावाचे गणित, पुलावर येणाऱ्या भाराचा हिशेब, रेणूंच्या हालचालींचा अभ्यास, दूरच्या आकाशगंगेची प्रतिमा, हे सारे आज कुणीतरी लिहिलेल्या आणि वरचेवर बदलत राहणाऱ्या कोडमधून बाहेर पडते. म्हणून माझे म्हणणे असे: वैज्ञानिक सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक हा निष्कर्षाचाच एक भाग आहे, आणि त्याने सर्वांत आधी एकाच प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. नवी आवृत्ती घेतली तर माझे उत्तर बदलेल का? औषधाच्या पट्टीवरचा बॅच क्रमांक रुग्ण क्वचितच वाचतो, पण एखादी खेप सदोष निघाली की त्या क्रमांकावाचून ती बाजारातून परत घेता येत नाही. निष्कर्षाच्या बाबतीत आवृत्ती क्रमांकाचे काम तेच आहे. चूक सापडेल त्या दिवशी, ती कुठवर पोहोचली हे त्याच्याच आधारे शोधता आले पाहिजे.

आज सर्वाधिक प्रचलित असलेली क्रमांकपद्धत ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने ओळखली जाते. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेले टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती शब्दबद्ध केली. या पद्धतीत क्रमांकाला तीन अंक असतात. आधीच्या आवृत्तीवर बेतलेले इतर प्रोग्राम चालेनासे होतील असा बदल केला, तर पहिला अंक वाढवायचा. जुने काही न मोडता नवी सोय दिली, तर दुसरा. नुसती चूक दुरुस्त केली, तर तिसरा. व्यवहारातल्या सॉफ्टवेअरसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण तिथे मुख्य काळजी ‘माझा प्रोग्राम बंद तर पडणार नाही ना’ हीच असते. विज्ञानात मात्र प्रोग्राम बंद पडणे हे तुलनेने सुखाचे संकट आहे. ते लगेच दिसते आणि माणूस दुरुस्तीला लागतो. खरे संकट प्रोग्राम बिनतक्रार चालून वेगळा आकडा देतो तेव्हाचे. सूत्रातले चुकलेले चिन्ह सुधारले, एककाच्या रूपांतरातला घोळ निस्तरला, यादृच्छिक संख्या काढण्याची रीत बदलली, तर सिमँटिक व्हर्जनिंगच्या हिशेबात ती ‘नुसती दुरुस्ती’ ठरते आणि तिला शेवटचा, सर्वांत नगण्य अंक मिळतो. संशोधकाच्या दृष्टीने तोच बदल सर्वांत मोठा असू शकतो. प्रोग्राम जोडण्याची पद्धत पूर्ण पालटूनही उत्तरे तीच राहू शकतात, आणि एका ओळीच्या दुरुस्तीने दहा वर्षांचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागू शकतात. महत्त्वाची उतरंड इथे उलटी आहे, आणि आपण अंक मात्र सुलट क्रमाने देत आलो आहोत.

हे नीट हाताळता येते, याचा एक चांगला दाखला सांख्यिकीतल्या ‘आर’ या भाषेने घालून दिला आहे. मोठ्या समूहातून यादृच्छिक नमुना निवडण्याची तिची जुनी रीत पुरेशी समान संधी देत नाही, असे दिसून आले. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत ती रीत बदलली. यादृच्छिक निवड पुन्हा तशीच्या तशी करता यावी म्हणून संशोधक एक आरंभसंख्या ठरवून देतात. या बदलानंतर तीच आरंभसंख्या देऊनही वेगळा नमुना निघू लागला, म्हणजे जुन्या शोधनिबंधातले आकडे नव्या आवृत्तीत जुळेनात. पण ‘आर’च्या मंडळींनी बदल लपवला नाही. आवृत्तीच्या टिपणात तो ठळकपणे सांगितला, आणि जुने आकडे पुन्हा काढून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी जुनी रीत निवडण्याची सोय ठेवली; ती निवडल्यावर इशारा मिळण्याची व्यवस्थाही केली. चूक सुधारायची, बदल जाहीर करायचा आणि मागे जाण्याची वाट मोकळी ठेवायची, ही तिन्ही कामे एकाच वेळी करता येतात, हे त्यातून दिसले. तिथेही क्रमांकाचा दुसराच अंक वाढला, हे खरे. पण बदल कुठे झाला हे वाचणाऱ्याला कळत होते.

मशीन लर्निंगमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या सायकिट-लर्न या संचातले उदाहरण याची दुसरी बाजू दाखवते. त्यातली ‘रँडम फॉरेस्ट’ ही पद्धत अनेक निर्णयवृक्षांचे मत घेऊन अंदाज बांधते. वापरणाऱ्याने वृक्षांची संख्या दिली नाही, तर पूर्वी ती १० धरली जाई. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ०.२२ आवृत्तीपासून १०० धरली जाऊ लागली. संच बनवणाऱ्यांनी आधीच्या आवृत्त्यांतून इशारे दिले होते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. दोष आहे तो ‘आम्ही सायकिट-लर्न वापरले’ एवढेच लिहून मोकळ्या होणाऱ्या शोधनिबंधांचा. आवृत्ती नोंदवलेली नसेल आणि वृक्षांची संख्याही दिलेली नसेल, तर वाचकाला त्या अंदाजामागे १० वृक्ष होते की १००, हे कळायला मार्ग नाही. शिवाय सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये पहिला अंक शून्य असणे म्हणजे ‘यात काहीही, केव्हाही बदलू शकते’ अशी सूचना असते. सायकिट-लर्नची १.० आवृत्ती आली सप्टेंबर २०२१ मध्ये. तोवर जगभर असंख्य निबंध त्यावर उभे राहिले होते. सायपाय या गणिती संचाला तर पहिल्या आवृत्तीपासून १.० पर्यंत पोहोचायला १६ वर्षे लागली. ती २०१७ मध्ये आली. या विलंबामागे बनवणाऱ्यांचा प्रामाणिकपणा होता, हे मान्य करूया. पण ज्याच्यावर विज्ञान उभे आहे त्याने स्थैर्याचे कोणतेही वचन न देणे आणि त्यावर उभे राहणाऱ्यांनी ते न मागणे, ही स्थिती चांगली म्हणता येणार नाही.

क्रमांक लिहिला की सगळे भागले, असेही नाही. रसायनशास्त्रातल्या एका प्रकरणाने ते २०१९ मध्ये दाखवून दिले. रेणूची रचना ओळखण्यासाठी एनएमआर वर्णपटाची गणिते करणारे काही छोटे पायथॉन प्रोग्राम २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मधून प्रसिद्ध झाले होते आणि पुढे बऱ्याच जणांनी ते वापरले. हवाई विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, तेच प्रोग्राम आणि त्याच फायली वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर वेगवेगळी उत्तरे देतात. विंडोज १० वर आणि मॅकच्या एका जुन्या कार्यप्रणालीवर उत्तर १७३.२ येत होते, उबुंटूवर १७२.४ आणि मॅकच्या नव्या कार्यप्रणालीवर १७२.७. कारण अगदी साधे होते. प्रोग्राम फायलींची यादी मागत होता आणि ती ठरावीक क्रमानेच येईल असे गृहीत धरत होता. पायथॉन तशी हमी देत नाही. दुरुस्ती म्हणजे यादी क्रमवार लावून घेणे, एवढीच. पण हा प्रोग्राम निबंधाला जोडलेली पुरवणी म्हणून बाहेर पडला होता. तो कोणकोणत्या कार्यप्रणालींवर तपासला, नमुन्याच्या फायली दिल्यावर कोणते उत्तर यायला हवे, असे काही सोबत असते, तर पहिल्याच वापरकर्त्याला गडबड दिसली असती. म्हणून आवृत्ती प्रसृत करणे म्हणजे फायलींचे गाठोडे बांधून क्रमांक चिकटवणे नव्हे. नमुन्याची उदाहरणे, त्यांची अपेक्षित उत्तरे आणि ती कुठे तपासली याची नोंद, हे सर्व त्या आवृत्तीचे घटक आहेत.

ज्या क्षेत्रात आकड्याचा पडताळा रोज होतो, त्या हवामानशास्त्राने ही शिस्त फार पूर्वीच अंगी बाणवली आहे. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राच्या, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफच्या, अंदाजप्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीला ‘सायकल’ क्रमांक असतो. नवी सायकल वापरात आणण्यापूर्वी ती जुनीच्या जोडीने चालवली जाते, आणि तापमान, वारा, पाऊस अशा एकेका बाबतीत अंदाज किती सुधारला आणि कुठे बिघडला, याचे गुणपत्रक प्रसिद्ध होते. याच केंद्राच्या ‘ईआरए५’ या माहितीसंचाची रचना तर आवृत्तीच्या शिस्तीवरच उभी आहे. १९४० पासूनच्या निरीक्षणांतून पृथ्वीच्या वातावरणाचा तासातासाचा इतिहास मांडताना तिथे २०१६ मधली ४१आर२ ही एकच सायकल गोठवून वापरली जाते. रोजच्या अंदाजाची प्रणाली दरम्यान कितीतरी पुढे गेली, पण इतिहास मोजण्याची पट्टी मध्येच बदलली असती, तर तापमानाच्या नोंदीत एक खोटी उडी दिसली असती आणि ती हवामानबदल म्हणून वाचली गेली असती. पुढे २००० ते २००६ या वर्षांसाठी स्थितांबराच्या खालच्या थरातले तापमान वाजवीपेक्षा कमी येत असल्याचे लक्षात आले. तेव्हा ती वर्षे पुन्हा चालवून ‘ईआरए५.१’ या वेगळ्या नावाने प्रसृत केली. जुन्या आकड्यांवर गुपचूप नवे आकडे चढवले नाहीत. आधीचे आकडे कुणी वापरले असतील, तर त्याला आपण काय वापरले हे आजही नेमके सांगता येते.

या शिस्तीशी महाराष्ट्राचाही थेट संबंध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, विकसित केलेले ‘आयआयटीएम अर्थ सिस्टीम मॉडेल’ हे जागतिक हवामान मॉडेलांच्या तुलनेच्या सहाव्या फेरीत, सीएमआयपी६ मध्ये, भारताकडून सहभागी झाले, आणि आयपीसीसीच्या सहाव्या अहवालामागच्या मॉडेलांत त्याला स्थान मिळाले. सहभागी झाली ती त्याची दुसरी आवृत्ती. पृथ्वीवर येणारी आणि पृथ्वीवरून जाणारी ऊर्जा यांतली तफावत पहिल्या आवृत्तीत बरीच मोठी होती, ती कमी करण्यावर दुसरीत काम झाले. शंभर वर्षांच्या तापमानवाढीचा अंदाज काढताना हा फरक निर्णायक असतो. म्हणूनच ‘आयआयटीएमचे मॉडेल’ एवढे म्हणणे पुरेसे नाही, कोणती आवृत्ती हेही सांगावे लागते. सीएमआयपी६ ने मॉडेलाची ओळख प्रत्येक फाइलच्या नावातच गोवली आहे आणि प्रसिद्ध झालेल्या माहितीसंचांनाही तारखेवरून आवृत्ती दिली जाते. मे २०२५ मध्ये याच संस्थेत घडलेली, ६ किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. तिच्या पुढच्या आवृत्त्या येतील, तेव्हा गेल्या वर्षीचा अंदाज आणि यंदाचा अंदाज यांची तुलना आवृत्ती पाहूनच करावी लागेल. पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला हा क्रमांक ठाऊक असण्याची गरज नाही. त्याच्यासाठी सल्ला तयार करणाऱ्याला मात्र तो ठाऊक असायलाच हवा.

हवामानाबाहेर चित्र कसे आहे? जेम्स हॉविसन आणि ज्युलिया बुलार्ड यांनी जीवशास्त्रातले ९० शोधनिबंध यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांतले सॉफ्टवेअरचे उल्लेख तपासले. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उल्लेखांपैकी जेमतेम ३१ ते ४३ टक्के रीतसर संदर्भ देऊन केलेले होते, आणि निबंधात वापरलेली नेमकी आवृत्ती ९० ते ९८ टक्के वेळा मिळवताच येत नव्हती. याचा अर्थ सरळ आहे. पद्धतीचे वर्णन म्हणून छापलेल्या मजकुरातला महत्त्वाचा भाग पडताळणीच्या पलीकडे गेलेला होता. प्रयोगशाळेत कोणते रसायन, कोणत्या शुद्धतेचे आणि कोणत्या कंपनीचे वापरले, हे न लिहिणाऱ्या निबंधाला परीक्षक परत पाठवतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच सैलता आपण खपवून घेतो, याचे समर्थन करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, शास्त्रज्ञ हे काही सॉफ्टवेअर अभियंते नव्हेत. कोड लिहिणारा बहुधा पीएचडीचा विद्यार्थी असतो. त्याला निबंध हवा असतो, आणि आवृत्ती, चाचण्या, टिपणे यांचे श्रेय त्याला कुणी देत नाही. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी १६ मार्च २०२० रोजी कोविडच्या फैलावाचा जो अहवाल दिला, त्याने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या धोरणांवर मोठा परिणाम केला. त्यामागचा कोड त्या दिवशी जनतेपुढे नव्हता. एप्रिलच्या अखेरीस तो खुला झाला, तोही मधल्या काळात साफसूफ आणि पुनर्रचना केलेल्या स्वरूपात. त्यावर कडक टीका झाली, कोड पाहून अहवालच खोटा ठरवण्याचा प्रयत्न झाला. पुढे केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी खुला कोड चालवून पाहिला आणि अहवालातल्या निष्कर्षांशी जुळणारे आकडे त्यांना मिळाले. म्हणजे गणित टिकले. पण ज्या आठवड्यांत लोकांचा विश्वास सर्वांत मोलाचा होता, त्याच आठवड्यांत तो डळमळला. अहवालासोबत त्याच दिवशी त्याच कोडची क्रमांकित, गोठवलेली आवृत्ती आली असती, तर वाद आकड्यांवर झाला असता, हेतूवर नव्हे. शिस्तीचा खर्च मोजताना तिच्या अभावाचा खर्चही मोजला पाहिजे. आणि हे काम एकट्या विद्यार्थ्यावर ढकलू नये, हेही तितकेच खरे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असे स्वतंत्र पद आता रूढ झाले आहे. प्रयोगशाळेत उपकरणे सांभाळणारा तंत्रज्ञ असतो, तसा कोड सांभाळणारा माणूस असणे यात चैन काही नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. संगणकातली दशांश गणिते अचूक नसतात. कंपायलर बदलला, प्रोसेसर बदलला, बेरजेचा क्रम बदलला, तरी बाराव्या-पंधराव्या स्थानावरचा अंक हलतो. उत्तर बदलले की आवृत्ती बदला, असे म्हटले तर प्रत्येक आवृत्ती ‘मोठी’ ठरेल आणि क्रमांकाला अर्थच राहणार नाही. याचे उत्तर सहनमर्यादेत आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपल्या विषयातली ठरावीक नमुना उदाहरणे निवडावीत, प्रत्येकासाठी किती फरक क्षम्य आहे हे आधीच जाहीर करावे, आणि प्रत्येक आवृत्तीपूर्वी ती सर्व उदाहरणे चालवावीत. फरक मर्यादेत राहिला, तर शेवटचा अंक वाढवावा. मर्यादा ओलांडली, तर ती चूक दुरुस्त केल्यामुळे असो वा पद्धत सुधारल्यामुळे, चटकन नजरेत भरणारा अंक वाढवावा. मर्यादा कुठे आखायची हे रेणूशास्त्रात वेगळे ठरेल आणि खगोलशास्त्रात वेगळे. ती आखणे हाच एक वैज्ञानिक निर्णय आहे, आणि तो त्या विषयातल्या माणसांनीच घेतला पाहिजे. क्षम्य फरक किती, हे ज्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांना सांगता येत नाही, त्यांना आपले उत्तर कितपत विश्वासार्ह आहे हेही सांगता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, आता क्रमांकांची गरजच उरलेली नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत प्रत्येक बदलाला आपोआप एकमेव ओळखसंकेत मिळतो, आणि सगळे सॉफ्टवेअर त्याच्या कार्यप्रणालीसकट एका कंटेनरमध्ये बंद करून ठेवता येते. काही संच तारखेनेच ओळखले जातात. रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या लॅम्प्सची आवृत्ती म्हणजे थेट तारीख असते; त्याच क्षेत्रातल्या ग्रोमॅक्सने २०१६ पासून वर्षाचा आकडा क्रमांकात घेतला. या सगळ्या पद्धती उपयुक्त आहेत. ओळखसंकेत ‘कोणते’ हे अचूक सांगतो, तारीख ‘केव्हाचे’ हे सांगते, कंटेनर ‘जसेच्या तसे’ जपतो. पण दोन संकेत किंवा दोन तारखा शेजारी ठेवल्या, तर त्यांच्यामध्ये उत्तर बदलले की नाही, हे त्यांतून कळत नाही. बंद डबा जपला म्हणजे चूकही जपली जाते; ती समजण्याची सोय त्यात नसते. म्हणून तारखेची पद्धत ठेवायची असेल तर जरूर ठेवावी, मात्र प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात ‘कोणती उत्तरे बदलली, किती आणि का’ असा एक बंधनकारक परिच्छेद असावा. बदल नसेल, तर ‘नमुना उदाहरणांत बदल नाही’ असे स्पष्ट लिहावे. वाचणाऱ्याला तेही तितकेच हवे असते.

चौथा आक्षेप सर्वांत तात्त्विक आहे. खरा निष्कर्ष सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून नसावाच. आवृत्ती बदलताच जो कोसळतो, तो मुळातच कच्चा होता, मग जुन्या आवृत्त्या जपून काय साधणार? यातले पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. पण निष्कर्ष आवृत्तीपलीकडे टिकतो का, हे तपासायचे तर आधी तो कोणत्या आवृत्तीवर निघाला होता हे ठाऊक असावे लागते. मेंदूच्या कार्यप्रतिमांवरील सांख्यिकी पद्धतींची तपासणी करणारा एक निबंध २०१६ मध्ये ‘पीएनएएस’मध्ये आला. त्या तपासणीच्या ओघात एएफएनआय या सॉफ्टवेअरच्या एका भागात १५ वर्षे दडून बसलेली चूक सापडली. ती मे २०१५ मध्ये दुरुस्त झाली. दुरुस्तीनंतर साहजिकच प्रश्न आला, की आजवरचे कोणते निबंध तिच्या कक्षेत येतात? ज्या निबंधात आवृत्ती आहे, त्याच्या लेखकाला आणि वाचकाला उत्तर लगेच मिळते. ज्यात ती नाही, तो निबंध संशयाच्या सावलीत राहतो. प्रत्यक्षात निर्दोष असला तरीही. आवृत्ती नोंदवणे हे असे प्रामाणिक संशोधकाच्या स्वतःच्या बचावाचे साधन आहे. जुन्या आवृत्त्या जपायच्या त्या वापरत राहण्यासाठी नाहीत, तर चूक कुठून कुठवर होती हे दाखवता यावे म्हणून. पायथॉनचे संच ठेवणाऱ्या पायपीआय भांडारात सदोष आवृत्ती ‘मागे घेतली’ अशी खूण करता येते. नव्याने येणाऱ्याला ती मिळत नाही, पण जुना निष्कर्ष पडताळू पाहणाऱ्याने नेमका तोच क्रमांक मागितला, तर मिळते. शिवाय एकदा वापरलेले फाइलनाव तिथे दुसऱ्या मजकुरासाठी पुन्हा वापरता येत नाही. प्रत्येक संशोधनगटाने हे दोन नियम डोळे झाकून स्वीकारावेत.

आता करायचे काय, तर फार मोठ्या यंत्रणेची वाट पाहायला नको. संशोधनगटाने निबंध पाठवण्याआधी कोडची एक आवृत्ती गोठवावी, तिला क्रमांक द्यावा आणि ती कायमस्वरूपी भांडारात ठेवावी. सर्नने २०१३ मध्ये सुरू केलेले झेनोडो हे भांडार मोफत आहे. ते प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी ओळखक्रमांक, देते, शिवाय सर्व आवृत्त्यांसाठी मिळून एक सामाईक डीओआयही देते. फ्रान्समध्ये २०१६ मध्ये सुरू झालेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा उपक्रम जगभरचा खुला कोड जपून ठेवतो. दुसऱ्यांचे सॉफ्टवेअर वापरले असेल, तर त्याचे नाव, पूर्ण क्रमांक आणि कार्यप्रणाली निबंधात लिहावी. नियतकालिकांनी याविना निबंध परीक्षकांकडेच पाठवू नये. विद्यापीठांनी पीएचडीच्या प्रबंधात आवृत्त्यांचे परिशिष्ट सक्तीचे करावे. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांना त्यासाठी एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही. अनुदान देणाऱ्या संस्थांनी अर्जात उपकरणांच्या देखभालीचा रकाना असतो तसाच सॉफ्टवेअरच्या देखभालीचा रकाना ठेवावा, त्यासाठी पैसे द्यावेत, आणि बढतीच्या वेळी चांगल्या प्रकारे सांभाळलेल्या सॉफ्टवेअरला निबंधाइतकेच वजन द्यावे. श्रेय मिळाल्याशिवाय शिस्त टिकत नाही, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

विज्ञानाचा अधिकार शास्त्रज्ञाच्या पदवीतून येत नाही; तो ‘तुम्हीही करून पाहा’ या खुल्या निमंत्रणातून येतो. एके काळी त्या निमंत्रणासाठी प्रयोगाची कृती नीट लिहिणे पुरेसे होते. आज कृतीचा मोठा वाटा कोडमध्ये आहे आणि कोड दर महिन्याला बदलतो. म्हणून कोणती आवृत्ती, हे न सांगता दिलेले निमंत्रण पोकळ ठरते. या निष्कर्षांवर औषधे ठरतात, धरणांचे विसर्ग ठरतात, साथीतले निर्बंध ठरतात, आणि त्यामागचे बरेच संशोधन जनतेच्या पैशावर चालते. त्या जनतेला एवढे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्याला आपला आकडा धोरणाचा आधार व्हावा असे वाटते, त्याने तो कोणत्या आवृत्तीतून निघाला हे सोबतच सांगावे. आणि उद्या कुणी ती आवृत्ती मागितली, तर ती काढून हातात ठेवता येईल अशी व्यवस्था आजच करावी.